चारशे बारा टक्के धुणं

स्काल्मसेले पालिकेत दोन हजार तीनशे अकरा माणसं राहतात. गेल्या ऑक्टोबरात एक जास्त होतं, पण हेन्निंग लेकीकडे समुद्रकाठी राहायला गेला आणि पालिकेच्या वेबसाइटवरचा आकडा मला बदलावा लागला. मी अर्धा दिवस पालिकेच्या ग्रंथालयात असतो आणि अर्धा दिवस पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर. दोन्हीकडे काम एकच, कुणी ओरडत नाही ना ते बघायचं. आमच्याकडे कुणीच ओरडत नाही. मग हात रिकामे दिसतात म्हणून वेबसाइटही माझ्याकडेच.

पालिकेच्या मालकीच्या दोन इमारती आहेत, पिवळी आणि हिरवी. लाकडाची गिरणी जोरात होती तेव्हा दोन्ही एकाच नकाशावरून बांधल्या. फक्त हिरवीच्या वेळी कंत्राटदारानं नकाशा उलटा धरला. त्यामुळे पिवळीत जे उजवीकडे ते हिरवीत डावीकडे. ही गोष्ट लक्षात येईपर्यंत छप्पर चढलं होतं, आणि छप्पर चढल्यावर बोलणं बरं दिसत नाही. दोन्हीत अठरा-अठरा घरं. गिरणी बंद झाली, माणसं गेली. आता पिवळीत आठ घरांत दिवा लागतो आणि हिरवीत नऊ घरांत. म्हणून पालिकेनं ठरवलं की एक इमारत पाडायची. कोणती, तेवढं ठरायचं होतं.

मी पिवळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या बरोबर खाली, तळमजल्यावर, सोल्वे. वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं त्यानं पालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. दहा वर्षांपूर्वी डोळे जायला लागले आणि चारेक वर्षांत पूर्ण गेले. पण डोळे जाताना त्यानं घाई केली नाही; रोज थोडी थोडी करून पिवळी पाठ केली. शेगडीचं कुठलं बटण सैल, खिडकीची कुठली फट थंडीत शिट्टी वाजवते, जिन्यात कोण पाय ओढत चालतं, सगळं तोंडपाठ. दार उघडायच्या आधीच तो म्हणायचा, "ये एलोव. बूट काढ. डावा ओला आहे."

पिवळी पाडली तर सोल्वेला इथून जावं लागणार होतं. पालिकेच्या मदतनीस बाईनं तसं सरळच सांगितलं होतं. या वयात, दिसत नसताना, नवीन घरात एकट्यानं राहायची परवानगी मिळणार नाही. गावातला वृद्धाश्रम भरलेला. म्हणजे मग नव्वद किलोमीटरवरचा. तिथे सोल्वेच्या ओळखीचं कुणी नाही, आणि असलं तरी दिसणार नाही.

"हिरवीत जा ना," मी एकदा म्हटलं होतं.

"हिरवीत? पहाटे उठून न्हाणीघर म्हणून मी कपाटात शिरेन. आणि कपाटात जे होईल ते तू धुणार आहेस का?"

मी विषय सोडून दिला.

माहिती द्यायला सभा झाली. सभा घेतली तूवेनं. तूवे पालिकेचा मालमत्ता अधिकारी. स्वभावानं इतका भिडस्त, की स्वतःच्या ऑफिसच्या दारावरही टकटक करून आत जातो. कॉफी झाली, वेलचीचे बन झाले, मग तूवे उभा राहिला.

"भरलेली घरं मोजून इमारत पाडणं मला बरोबर वाटत नाही," तो म्हणाला. "आठ आणि नऊ यांत फरक तो काय? माणूस हा काही आकडा नाही. म्हणून मी धुणं मोजणार."

एकानं बन बशीत परत ठेवला.

"म्हणजे इमारतीचा वापर. जिथे जिवंतपणा आहे तिथे धुणं आहे. नोव्हेंबर ते जानेवारी, दर शुक्रवारी मी दोन्हीकडच्या धुण्याच्या खोलीतल्या वेळा नोंदवायच्या फळ्याचा फोटो काढीन. जिथे वेळा जास्त घेतल्या जातील ती इमारत राहील. कुणाला काही प्रश्न?"

पूर्ण दोन मिनिटं शांतता. तूवेनं घड्याळ बघून मोजली. "म्हणजे सगळ्यांना पटलं," तो म्हणाला आणि खुर्च्या रचायला लागला. त्यानंतर आम्ही सगळे बाहेर पार्किंगमध्ये, उणे आठमध्ये, दोघादोघांच्या जोड्या करून पाऊण तास कुजबुजत उभे होतो.

घरी येताना सोल्वेनं माझा कोपर धरला होता.

"तू किती वेळा धुतोस?" मी विचारलं.

"तीन आठवड्यांतून एकदा. माझ्याकडे दोन पँटी आहेत. एक अंगात असते, दुसरी न्यायप्रविष्ट."

"मग आपण मेलो."

"आपण नाही रे पोरा. तुला दिसतं. तू कुठेही राहशील." तो हे अगदी सहज म्हणाला, बर्फ पडणार असं सांगावं तसं. मला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिवळीची सगळी माणसं तळघरातल्या धुण्याच्या खोलीत जमली. एकूण अकरा. बोलावलं गुनेलनं. गुनेल तिसऱ्या मजल्यावर राहते. पोस्ट ऑफिस बंद होईपर्यंत ती तिथली प्रमुख होती. बंद झाल्यापासून तिची सगळी शक्ती धुण्याच्या खोलीतल्या चिठ्ठ्यांत गेली आहे. भिंतीवर तेव्हाही एक होती: "ज्याचा राखाडी मोजा मशीनमध्ये राहिला त्याला लाज वाटायला हवी. मोजा माझ्याकडे आहे. लाज तुझ्याकडे असू दे."

"एक आधीच सांगते," गुनेल म्हणाली. "खोटेपणा चालणार नाही. फळ्यावर कुलूप लावलं की मशीन चाललंच पाहिजे. मशीन चाललं की आत कपडे पाहिजेत. रिकामं मशीन फिरवणं म्हणजे पालिकेची फसवणूक."

"आणि स्वच्छ कपडे पुन्हा धुणं?" मी विचारलं.

"त्याला टापटीप म्हणतात."

झालं. आमच्या फळ्यावर दिवसाच्या पाच वेळा असतात, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत. प्रत्येकानं आपलं घर-नंबराचं छोटं कुलूप हव्या त्या वेळेच्या भोकात अडकवायचं. पहिल्या आठवड्यात फळा कुलपांनी भरून गेला. तूवेनं फोटो काढला, जरा मागे सरकला आणि पुन्हा काढला.

पहिल्या आठवड्यात आम्ही कपडे धुतले. दुसऱ्यात तेच कपडे. माझी जीन्स निळी होती ती आधी फिकी झाली, मग नुसती अफवा राहिली. तिसऱ्यात पडदे, उशा, गालिचे. चौथ्यात मी तलावावरचं हरवलेल्या वस्तूंचं खोकं आणलं. त्रेचाळीस मोजे, सगळे एकेकटे, आणि एक बाथरोब, ज्याचा मालक बहुधा वारला होता. ग्रंथालयाच्या बालविभागातलं कापडी अस्वल धुतलं. ते बाहेर आलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी कळल्याचे भाव होते. तेव्हापासून मुलं त्याच्याजवळ बसत नाहीत.

मग शिकारीच्या मंडळानं आपली नारिंगी जाकिटं दिली. गुनेलनं त्यांत लॅव्हेंडरची पावडर घातली, दुप्पट. शिकारी तीन दिवस जंगलात बसले, एकही मूस, म्हणजे आमचं घोड्याएवढं हरीण, फिरकला नाही. चौथ्या दिवशी एक आला. तो थेट मंडळाच्या प्रमुखाजवळ गेला, त्याला खांद्यापासून कमरेपर्यंत हुंगलं आणि निघून गेला. प्रमुख म्हणाला, बंदूक हातात होती, पण त्यानंतर गोळी घालणं असभ्य वाटलं.

डिसेंबर उजाडला आणि गावातली घाण संपली.

"आता काय?" गुनेल सोल्वेच्या स्वयंपाकघरात डोकं धरून बसली. दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर अंधार पडत होता. "चिखलात लोळू का मी? चिखलसुद्धा गोठलाय."

"हिरवीत नऊ घरं आहेत," सोल्वे म्हणाला. "ती माणसं कपडे मळवत असतीलच की."

"त्यांचे कपडे आपण धुवायचे?"

"शेजाऱ्याला मदत करणं फसवणूक असते का गं?"

गुनेलनं विचार केला. पोस्टाच्या नियमांत असं काही नव्हतं.

मी बर्फावर पायानं रेटायची घसरगाडी काढली, तिच्या पुढच्या खुर्चीवर रिकामी टोपली बांधली आणि हिरवीत गेलो. पहिलं दार मायवोरचं. मायवोर सत्त्याहत्तर वर्षांची, एकटी, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. तिनं दार उघडलं. मी म्हणालो, "धुणं न्यायला आलोय."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. का, कशासाठी, कुणी पाठवलं, यातलं काहीही तिनं विचारलं नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं.

"परत कधी?"

"गुरुवारी."

तिनं आत श्वास ओढला. आमच्याकडे 'हो' म्हणायला शब्द खर्चावा लागत नाही. फुस्स करून हवा आत घेतली की झालं. मग तिनं चादरी आणून दिल्या.

पुढच्या आठवड्यात हिरवीतल्या नऊच्या नऊ दारांबाहेर पिशव्या टांगलेल्या होत्या. मी दिवसातून चार खेपा करायचो. गुनेल चादरी इस्त्रीसारखं दाबणाऱ्या लाकडी रुळाखालून अशा काढायची की त्यांच्या घडीनं बोट कापावं. जानेवारीत तीन दिवस वादळ झालं, घसरगाडी रुतली, तेव्हा हिरवीची माणसं स्वतःच कपडे न्यायला आली. धुण्याची खोली उबदार. गुनेलनं कॉफी ठेवली. नऊ माणसं बाकांवर ओळीनं बसून मशीनच्या गोल काचेकडे बघत राहिली.

"टीव्हीपेक्षा बरं आहे," मायवोर म्हणाली. "यात निदान शेवटी काहीतरी निघतं."

वादळ संपलं तरी सगळी येत राहिली. दर मंगळवारी, दर गुरुवारी. सोल्वे खाली यायचा, आवाजावरून सगळ्यांना ओळखायचा आणि सगळ्यांची टर उडवायचा. मायवोरला तो म्हणायचा, "तुझ्या शाळेच्या सूपमध्ये दिसायचं नाही काही, हे मला डोळे होते तेव्हाही जाणवलं होतं." ती म्हणायची, "म्हणून तर दोन वाट्या प्यायचास." मला वाटायचं, आपण फार चांगलं काम करतोय.

मग एका शुक्रवारी तूवे फोटो काढून झाल्यावर जिन्यात थांबला. "पिवळीचं छान चाललंय," तो म्हणाला. "हिरवीचं मात्र... सहा आठवडे एकही कुलूप नाही. शून्य. बघून पोटात तुटतं." आणि तो टोपी घालून निघून गेला.

मी आणि गुनेल एकमेकांकडे बघत उभे राहिलो. आता हसू नका, पण ही गोष्ट आमच्या डोक्यातच आली नव्हती. आम्ही फक्त आमचा फळा बघत होतो. एक इमारत वाचवताना दुसरी आम्ही आमच्याच हातांनी, तीसुद्धा साठ डिग्रीवर, धुवून काढत होतो.

गुनेल वर गेली आणि बन भाजायला लागली. आमच्याकडे अपराधीपणावर हाच इलाज आहे. पुढचे दोन आठवडे हिरवीच्या प्रत्येक पिशवीत घडी घातलेल्या चादरींवर सहा-सहा बन गेले.

आणि त्या बनांनीच आम्हाला पकडून दिलं.

पालिकेकडे आलेलं प्रत्येक पत्र कुणालाही वाचता येतं. पत्र आलं की नंबर पडतो आणि प्रत ग्रंथालयातल्या लाल फायलीत लागते. फाईल लावायचं काम माझं. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी एक पत्र लावत होतो. अक्षर ओळखीचं होतं, कारण त्याच अक्षरात मला दर आठवड्याला "निळी उशी सांभाळून" असं लिहून यायचं.

"नमस्कार पालिका," पत्रात होतं. "वृद्धांसाठी सुरू केलेल्या नव्या धुलाई सेवेबद्दल आभार. मुलगा वेळेवर येतो आणि बोलत नाही. चादरी पूर्वी असायच्या तशा कडक. बनबद्दल विशेष आभार. सहा जरा जास्त होतात, चार पुरतील. ही तक्रार नाही. मायवोर, हिरवी, घर सात."

ग्रंथालयात त्या वेळी मी आणि अस्वल दोघंच होतो. पान काढून खिशात घालता आलं असतं. मी घातलं नाही. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. त्या फायलीच्या लोखंडी रिंगा उघडताना बंदुकीसारखा आवाज होतो, आणि ग्रंथालयात आवाज होऊ न देणं हे माझं काम आहे. तरी मी रिंगांवर अंगठे ठेवून बराच वेळ उभा होतो हे खरं. डोळ्यांपुढे नव्वद किलोमीटरवरची एक खोली होती, आणि खोलीच्या मधोमध सोल्वे, हात पुढे करून भिंत शोधत.

संध्याकाळी मी सोल्वेला पत्र वाचून दाखवलं. त्यानं कान माझ्याकडे वळवला.

"पुन्हा वाच. शेवटचं."

"ही तक्रार नाही."

"हं." त्यानं टेबलावरून हात फिरवला, जसा तो रोज फिरवतो, कप कुठे आहे ते बघायला. कप होता तिथेच होता. "हिरवीत धुणं न्यायची अक्कल माझी. गुनेलची नाही, तुझी नाही."

"पण करत मी होतो."

"तू घसरगाडी आहेस. गाडीला कुणी जबाबदार धरत नाही." तो उठला. "सभा कधी आहे?"

"बुधवारी. सोल्वे, तू बोललास तर पिवळीचे सगळे आकडे बाद होतील. मग उरतात आठ आणि नऊ. आपण हरतो."

"मला मोजता येतं."

"मग तू जाणार."

"जाईन. तिथे जाऊन कपाटात शिरेन. पण त्या बाईची चादर धुऊन तिच्याच अंगावर भिंत पाडणं हे माझ्याच्यानं होणार नाही, एलोव. उद्या माझं दाढीचं सामान तेवढं धू. स्वच्छ आहे, तरी धू. सवय झालीय तुला."

बुधवारी आम्ही पालिकेच्या सभागृहात गेलो. सोल्वेनं माझा कोपर इतका घट्ट धरला होता की माझी बोटं सुन्न झाली. ही जागा त्याला पाठ नव्हती. गुनेल टोपी घालून आली. हिरवीची नऊ माणसंही मागच्या रांगेत होती, कारण आज इमारतीचा निकाल होता.

अध्यक्ष सिग्ब्रिट. इतर दिवशी ती शाळेत सुतारकाम शिकवते, त्यामुळे सभेची हातोडी तिनं स्वतः केलेली. दर सभेच्या सुरुवातीला जनतेचा प्रश्नकाळ असतो. अकरा वर्षांत जनतेनं एकही प्रश्न विचारलेला नव्हता. म्हणून सिग्ब्रिट "जनतेचे काही प्रश्न नाही ठीक" असं एका दमात म्हणून हातोडी मारते. या वेळी हातोडी खाली येता येता सोल्वेचा हात वर गेला. हातोडी हवेत थांबली. सभासदांपैकी एकानं चष्मा लावला.

"इथे फक्त प्रश्न विचारता येतो," सिग्ब्रिट जरा घाबरून म्हणाली. "निवेदन करता येत नाही."

"माझा प्रश्न असा," सोल्वे म्हणाला, "की मी लबाड आहे हे पालिकेला ठाऊक आहे का?"

सिग्ब्रिटनं नियमपुस्तक चाळलं. प्रश्न नियमात बसत होता.

"नाही. पालिकेला याची माहिती नाही."

"मग दुसरा प्रश्न. हिरवीचं सगळं धुणं डिसेंबरपासून पिवळीत धुतलं जातंय, म्हणून हिरवीचा आकडा शून्य आहे, आणि ही कल्पना माझी होती, हे पालिकेला ठाऊक आहे का?"

सभागृहात कुणीतरी पेन ठेवलं. तूवे उभा राहिला. त्याच्या हातात कागद होते.

"पिवळीचा वापर," त्यानं वाचलं, "सर्वसाधारण वापराच्या चारशे बारा टक्के आहे. या हिशोबानं तिथला प्रत्येक माणूस रोज पाच जोड कपडे मळवतो. मी आरोग्य खात्याला विचारलं, तिथे काही साथ आहे का. ते म्हणाले, उलट ती माणसं नको तितकी स्वच्छ आहेत, दोघांच्या हातांना पुरळ उठलंय." त्यानं कागद खाली ठेवले. "आणि मला ठाऊक होतं. माझ्या खिडकीसमोरून एलोव दिवसातून चारदा उशांच्या खोळी घेऊन जायचा."

"मग बोलला का नाहीस?" सिग्ब्रिटनं विचारलं.

"मला वाटलं, खासगी बाब असेल."

यावर सगळ्यांनी मान डोलावली. कारण पटण्यासारखं होतं.

"म्हणजे आकडे बाद," सिग्ब्रिट म्हणाली, आणि ती हे दुःखानं म्हणाली. "मग आठ आणि नऊ. नियमानं पिवळी—"

सोल्वेचा हात माझ्या कोपरावर होता. तो हलला नाही. हाताचं वजन मात्र वाढलं.

"मला प्रश्न आहे," मागून आवाज आला. मायवोर. ती पर्स पोटाशी धरून उभी होती. एका दिवसात दोन प्रश्नकर्ते. चष्मेवाल्या सभासदानं चष्मा पुसला. "पिवळीत घरं किती?"

"अठरा," तूवे म्हणाला.

"त्यातली रिकामी?"

"दहा."

"आम्ही नऊ. दहात नऊ बसत नाहीत का?"

मला वाटतं, प्रत्येकजण मनात वजाबाकी करून बघत होता.

"पण तुम्हाला घर सोडावं लागेल," सिग्ब्रिट म्हणाली. "बत्तीस वर्षं राहिलीस तू तिथे."

"घर कसलं? जिन्यात दिवसभर कुणी भेटत नाही. कपडे तिकडे, कॉफी तिकडे, माणसं तिकडे. मी फक्त झोपायला हिरवीत जाते. आणि हा," तिनं सोल्वेकडे बोट केलं, ते त्याला दिसलं नाही म्हणून पुन्हा आवाज चढवून म्हणाली, "हा सोल्वे! लबाड आहेस ते मला चाळीस वर्षं माहितेय. पण तू कपाटात शिरून मरावंस एवढा लबाड नाहीस."

"तुम्ही बाकीचे?" सिग्ब्रिटनं मागच्या रांगेला विचारलं.

"आम्ही गेल्या वर्षापासूनच बोलतोय, की तिकडे जावं," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "पण कुणी विचारलं नाही."

"मी सभा घेतली होती!" तूवे म्हणाला. "मी प्रश्न आहेत का म्हणून विचारलं! दोन मिनिटं थांबलो!"

"आमच्याकडे प्रश्न नव्हता," गृहस्थ म्हणाले. "उत्तर होतं. ते तू विचारलं नाहीस."

तूवे खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतोय. मग आवाज आला. तो हसत होता. तूवेला हसताना कुणी ऐकलं नव्हतं; टायरमधून हवा जावी तसा आवाज होता.

सिग्ब्रिटनं विचारलं, हिरवी पाडावी आणि सगळ्यांनी पिवळीत राहावं हे सभेला मान्य आहे का? तेवीस सभासदांनी एकदम आत श्वास ओढला. खोलीतली हवा कमी झाल्यासारखी वाटली. पडदासुद्धा किंचित आत आला. सोल्वेनं तो आवाज ऐकला, आणि माझा कोपर सोडला. सभागृह पाठ नसताना सोडला. तिथेच उभा राहिला, दोन्ही हात मोकळे.

"झालं?" त्यानं हळूच विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

"मग खाली बसव मला कुठेतरी. इथल्या खुर्च्या पाठ नाहीत."

एप्रिलमध्ये हिरवीची माणसं पिवळीत आली. पहिले तीन आठवडे दर सकाळी कुठल्या ना कुठल्या घरातून कपाटाचं दार आपटल्याचा आणि शिवीचा आवाज यायचा. मायवोरला सोल्वेच्या समोरचं घर मिळालं. तिनं पहिल्याच दिवशी दारात बुटांचा स्टँड ठेवला आणि सोल्वे त्याला अडखळला. तो ओरडला, म्हणजे आमच्या मानानं ओरडला, "ही पायवाट आहे, बाई! दुकान नाही!" तिनं स्टँड एक वीत सरकवला. त्यानं काठीनं तपासलं. "अजून," तो म्हणाला. ते अजून चालू आहे. मशीनपुढे आता खरंच रांग लागते, आणि गुनेलनं नवी चिठ्ठी लावली आहे: "फक्त मळलेले कपडे."

जूनमध्ये हिरवी पाडायला शेजारच्या पालिकेतून खोदयंत्र आलं. आम्ही सगळे घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन बघायला गेलो. सोल्वेला मायवोर आणि माझ्यामध्ये बसवलं.

"आता काय पडलं?" तो विचारायचा.

"जिना."

"आणि आता?"

"माझं स्वयंपाकघर," मायवोर म्हणाली. "बत्तीस वर्षं तो नळ गळत होता. तूवेला चार पत्रं लिहिली." भिंत धाडकन कोसळली. "आता थांबला."

मग बराच वेळ सोल्वेनं काहीच विचारलं नाही. मी बघितलं तर त्याची हनुवटी छातीला टेकली होती. तो झोपला होता. शेजारी इमारत पडत होती आणि तो तोंड थोडं उघडं ठेवून, लहान मुलासारखा गाढ झोपला होता. मदतनीस बाईनं नंतर सांगितलं की ऑक्टोबरपासून तो रात्री खुर्चीतच बसून असायचा.

खोदयंत्रवाल्याचं लक्ष गेलं. त्यानं यंत्र बंद केलं, खाली उतरला आणि चवड्यांवर चालत आमच्याकडे आला. बाजूच्या उरलेल्या निम्म्या हिरवीतून धूळ शांतपणे खाली येत होती.

"उठवू का त्याला?" त्यानं कुजबुजत विचारलं. "मला पाचपर्यंत संपवायचं होतं."

तूवेनं माझ्याकडे बघितलं. मी मायवोरकडे. तिनं सोल्वेच्या मांडीवरचा कप काढून घेतला, त्याच्या गुडघ्यांवर आपला कोट टाकला आणि खोदयंत्रवाल्यासाठी कॉफी ओतायला घेतली.

"झोपू दे," ती म्हणाली. "इमारत कुठे पळून चाललीय?"